आम्लपित्तावरची शस्त्रक्रिया आता सुधारली आहे म्हणतात. करून घ्यावी का?

आधी अन्ननलिकेचा जोर, म्हणजे ती घास किती जोरानं खाली ढकलते ते, मोजून घ्या. तो न मोजता कुणी तारीख देत असेल तर उठून या.

माझ्या काकूची शस्त्रक्रिया झाली ती निसेन यांच्या 1956 सालच्या पद्धतीची. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून पूर्ण वेढा शिवला. जळजळ थांबली, पण भाकरीचा घास छातीत अडकायचा, ढेकर येत नसे, पोट टम्म फुगायचं. आठ महिन्यांनी मॅनोमेट्री, म्हणजे नलिकेतला दाब मोजायची तपासणी, झाली तेव्हा कळलं, तिची नलिका घास नीट ढकलतच नव्हती. तेव्हापासून दादाचं एकच पालुपद : "पित्ताला सुरी लावू नये. आमसुलाचं पाणी प्यावं."

मीही दहा वर्षं तेच प्यायलो. आमचं काम सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीचं. पोत्यावर वाकलं की आंबट पाणी घशाशी, रात्री ठसक्यानं जाग. शेवटी मिरजेला तपासण्या केल्या. नाकातून नळी घालून घोट घोट पाणी गिळायला लावतात आणि दाब मोजतात. आम्ल मोजायची दुसरी नळी चोवीस तास नाकातच. ती घेऊन मी सौद्याला गेलो. जळजळलं की कमरेच्या यंत्राचं बटण दाबायचं. दादा चारचौघांत म्हणाला, "पैसे उकळायचे धंदे हे!" मी म्हटलं, "हळकुंड मोडून बघितल्याशिवाय तू भाव बोलतोस का?"

माझ्याही नलिकेचा जोर कमी निघाला. म्हणून वेढा मागच्या बाजूने 270 अंशांचाच घातला, तुपे यांच्या पद्धतीने. वर सरकलेलं जठर खाली ओढून छाती-पोटामधल्या पडद्याची रुंदावलेली फट शिवली, सगळं दुर्बिणीतून. काही आठवडे पातळ खाल्लं. आता भाकरी उतरते, ढेकरही येते.

सुधारणा म्हणाल तर 1991 पासून हे दुर्बिणीतून होऊ लागलं, वेढा आखूड आणि सैल झाला. वेढ्याऐवजी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती घालायच्या चुंबकी मण्यांच्या कड्याला अमेरिकेत 2012 मध्ये मंजुरी मिळाली; पण जोर कमी असलेल्यांना तेही सहसा घालत नाहीत.

हो, गोळ्यांनी आणि वजन उतरवून बऱ्याच जणांचं भागतं. वेढा काही वर्षांनी सैलही पडतो, मग पुन्हा गोळ्या लागतात. वजन फारच जास्त असेल तर जठराच्या बायपासचाही विचार करतात, ते डॉक्टरांना विचारा.

आणि दादा, तू हे वाचशीलच. काकूचा पूर्ण वेढा सोडवून अर्धवट करून घेतला, हे तू कुणाला सांगत नाहीस. परवा ती माझ्याकडे जेवायला आली होती. दोन भाकऱ्या खाल्ल्या तिनं.