सिंथेटिक की मिनरल? आधी मॅन्युअल उघडा

पहिली गाडी घेतलीत, अभिनंदन! इंजिन ऑइलवरून एवढं डोकं खाजवू नका. मिनरल (कच्च्या तेलातून शुद्ध केलेलं साधं ऑइल) की सिंथेटिक (खास प्रक्रियेने बनवलेलं) हा प्रश्न नंतरचा, आधी ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-जाड ते, बघा. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर तेच. ‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका’ सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. मीही एकदा ऐकलं, २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाकलं. सकाळी स्टार्ट केली की टॅपेटची (इंजिनचे व्हॉल्व्ह हलवणारा भाग) टकटक थांबता थांबेना, अ‍ॅव्हरेजही घसरलं.

टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेलं इंजिन असेल तर सरळ सिंथेटिक. टर्बोच्या उष्णतेत मिनरल लवकर खराब होतं. जुनी साधी पेट्रोल गाडी आहे आणि मॅन्युअलला मिनरल चालतंय? खुशाल टाका, फक्त वेळेवर बदला.

नेहमीच्या चुका:
- ऑइल नवं, फिल्टर जुनाच.
- ‘गाडी फिरलीच नाही’ म्हणून दोन-दोन वर्षं तेच ऑइल. किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते.
- डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायची पट्टी) वरच्या खुणेपलीकडे भरणं.

डिपस्टिक बघताना गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. काढा, पुसा, परत घाला, मग वाचा. आणि ऑइल काळं दिसलं म्हणून लगेच गॅरेजला पळू नका. डिझेलमध्ये तर ते काही दिवसांतच काळं होतं.