टॅब मिटव, अल्बर्टचा हात बघ

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगच्या ढंगात वाजवलेल्या सोलोचं तुझं रेकॉर्डिंग नीट ऐकलं. सूर सगळे जागच्या जागी आहेत, टॅबमध्ये, म्हणजे कोणत्या तारेवर कुठे बोट ठेवायचं हे आकड्यांत मांडलेल्या त्या कागदावर, लिहिलेलं काही सुटलेलं नाही. तरी हे अल्बर्ट किंगसारखं का वाटत नाही, असं तू विचारलंस. प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर टॅबमध्ये सापडायचं नाही, त्यासाठी त्याला वाजवताना बघायला हवं.

६ डिसेंबर १९८३ रोजी कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात एका टीव्ही स्टुडिओत त्याचं चित्रीकरण झालं. अल्बर्ट तेव्हा साठ वर्षांचा होता आणि सोबत होता २९ वर्षांचा ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन. या चित्रीकरणाचा अल्बम १९९९ मध्ये आला, चित्रफीत २०१० मध्ये. ती मिळव, त्यातलं 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' हे गाणं लाव, आणि पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघ.

अल्बर्ट डावरा होता. उजव्या हाताने वाजवायची गिटार त्याने तारा न बदलता तशीच उलटी धरली. त्यामुळे तुझ्या गिटारवर जमिनीकडे असणारी सगळ्यात बारीक तार त्याच्याकडे सगळ्यात वर येते. तू ती तार बेंड करताना, म्हणजे सूर चढवायला आडवी ताणताना, वर ढकलतेस, तो खाली ओढतो. ओढण्यात अख्ख्या पंजाचं बळ लागतं, आणि पंजा कुणाचा, तर सहा फुटांहून चांगल्याच उंच, एके काळी बुलडोझर चालवलेल्या माणसाचा. त्यात त्याच्या तारा नेहमीपेक्षा बऱ्याच उतरवलेल्या, आणि छेडायला पिक (गिटारची नखी) नाही, नुसता अंगठा. म्हणून एकाच फ्रेटवरून, म्हणजे गिटारच्या एकाच पडद्यावरून, तो दीड-दोन स्वर सहज चढतो. सतारीवर एका पडद्यावर तार ओढून मींड काढतात, तिच्या फार जवळची ही गोष्ट आहे.

आता आवाज सुरू कर आणि वेग निम्मा कर. एकच बेंड निवड. तार ओढली जाते, सूर कोमल गंधाराच्या वर सरकतो आणि शुद्ध गंधाराला शिवायच्या आत थांबतो. तिथे क्षणभर राहतो, मग आणखी केसभर चढतो. टॅबमध्ये या सगळ्यासाठी एक बाण आणि एक आकडा असतो. तू तो बाण वाजवलास. सूर पोहोचला, पण वाटेत काहीच घडलं नाही.

मग स्टीव्हीकडे बघ. मला या चित्रफितीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. तो उजवा, स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार वाजवणारा. तारा जाड, अर्धा स्वर उतरवलेल्या, बेंड वरच्या दिशेला. म्हणजे हाताची हालचाल अल्बर्टच्या बरोबर उलटी. तरीही काही ठिकाणी डोळे मिटून ऐकलंस तर कोण वाजवतंय ते चटकन ओळखू येणार नाही. हे जमलं कसं? लहानपणापासून त्याने अल्बर्टच्या रेकॉर्ड ऐकल्या होत्या आणि ऑस्टिनच्या अँटोन्स क्लबमध्ये पोरसवदा असताना त्याच्यासोबत वाजवलंही होतं. सूर कुठे थांबायला हवा हे कानात पक्कं होतं, मग हाताने आपली वाट आपण शोधली. म्हणून सांगतो, गिटार उलटी धरायला जाऊ नकोस, आणि अल्बर्टसारखी फ्लाइंग व्ही गिटार घेण्यासाठी पैसेही साठवू नकोस.

आधी तो बेंड गा. खरंच तोंडाने गा, चारचौघांत लाज वाटत असेल तर दार लावून. तुला गाता येत नाही ते तुझ्या बोटांत येणार नाही, एवढं मी खात्रीने सांगतो. गळ्यात बसला की मग गिटार घे. मधल्या बोटाने बेंड करताना मागे पहिल्या बोटाचा आधार ठेव आणि ताकद मनगटातून येऊ दे. नुसत्या बोटाने रेटलंस तर बोट दुखेल आणि सूर मधेच लटकेल.

अजून एक. अल्बर्ट गाताना सहसा वाजवत नाही. ओळ गातो, थांबतो, मग गिटार उत्तर देते, बहुतेक वेळा चार-पाच सुरांत. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये मला अशी एकही मोकळी जागा सापडली नाही. स्टीव्ही भरपूर वाजवतो हे खरं, पण अल्बर्टचा सोलो चालू असताना त्याचं साथीचं वाजवणं ऐक. किती आवरून घेतो! इतका वेगवान हात असलेला पोरगा मागे राहून ताल धरतो, आणि त्यात त्याचा जीव रमलेला दिसतो. साथ करायला तू कधी बसतच नाहीस. ते आता सुरू कर, बँडमधल्या दुसऱ्या गिटारवाल्याला सोलो दे आणि संपूर्ण गाणं मागे राहा.

पुढच्या वेळी अख्खा सोलो पाठवू नकोस. एक बेंड पाठव, आधी गाऊन आणि मग वाजवून, दोन्ही एकाच फाइलमध्ये. अँपवर रिव्हर्ब, म्हणजे तो घुमणारा परिणाम, अजिबात लावू नकोस, त्यात सगळं झाकलं जातं.

तुझा,
काका