थारला जादा लाईट लावताय? आधी रिलेचं बघा

भावा, लाईट कुठले घ्यायचे ते नंतर, आधी वायरिंग नीट समजून घे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर, एवढा करंट डॅशबोर्डच्या छोट्या स्विचमधून नेलास तर स्विच तापणार, मग वितळणार. म्हणून रिले पाहिजेच, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, चार पिनचा साधा चालतो.

बॅटरीच्या प्लसवरून निघालेली वायर आधी फ्यूजमध्ये, १५ अँपिअरचा पुरे, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात लाव, कारण फ्यूजच्या अलीकडे वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून लाईटला. ८५ अर्थिंगला. ८६ ला हायबीमचा सिग्नल, मधे तुझा स्विच, म्हणजे समोरून गाडी आली की लो बीमला टाकताच जादा लाईटपण बंद. वायर अडीच एमएमची घे, सेटसोबत येते ती बारीक असते बऱ्याचदा.

अर्थिंगला रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट आवळ, वरून ग्रीस, नाहीतर एका पावसाळ्यात गंजून लाईट मिणमिणायला लागतात. वायर सोलून नुसती काळी टेप गुंडाळणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नको, जोड क्रिंप करूनच, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, आणि वरून हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी.

आणि ताम्हिणी घाटात धुकं असताना हे लावू नको हां, सगळा उजेड आपल्याच डोळ्यात येतो. तिथे खाली लावलेले फॉगलॅम्पच बरे.