सात तारखेला पोरं खाली उभी असतात

प्रश्न : दादा, मी ऐरोलीला राहते. वागळे इस्टेटमधल्या एका प्लेसमेंट एजन्सीत नऊ वर्षं रिक्रूटर होते, आता स्वतःचं सुरू करायचंय. साडेतीन लाख बाजूला ठेवलेत. मिस्टर म्हणतात ऑफिस घे, कंपन्यांना कॉन्ट्रॅक्टवर माणसं पुरव, दर महिन्याला बांधलेलं इन्कम. मला वाटतं आधी घरूनच फक्त परमनंट प्लेसमेंट करावं, म्हणजे माणूस कंपनीच्याच पगारावर लावायचा आणि एकदाच फी घ्यायची. कोणाचं बरोबर? आणि जुन्या एजन्सीने लिहून घेतलंय की सोडल्यावर दोन वर्षं या धंद्यात यायचं नाही, त्याचं काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, तुमचं बरोबर. मिस्टरांना हा अंक वाचायला द्या, माझ्या नावावर खपवा.

कॉन्ट्रॅक्ट स्टाफिंगमध्ये माणसं पुरवतो असं आपण म्हणतो खरं, पण पोरं आपल्या पगारावर असतात, कंपनी नंतर देते, म्हणजे कंपनीला आपण मुळात उधारी देत असतो. हिशोब मांडा. २० पोरं, प्रत्येकी १८,००० म्हणजे ३ लाख ६० हजार पगार. जूनचा पगार ७ जुलैच्या आत द्यायचा, तो कायदाच आहे. कंपनी म्हणते बिल आल्यावर ४५ दिवसांनी पेमेंट, म्हणजे पैसे १५ ऑगस्टच्या आसपास, तोवर ७ ऑगस्टला जुलैचा पगारही तुम्हीच दिलेला असतो. झाले ७ लाख २० हजार बाहेर. वर पीएफ-ईएसआयसी १५ तारखेपर्यंत, आणि जीएसटी १८ टक्के, तो आपल्या कमिशनवर नाही तर पगारासकट अख्ख्या बिलावर, म्हणजे पाऊण लाखाच्या वर, कंपनीने पैसे दिलेले नसले तरी २० तारखेला भरायचा. आणि तुमचा सर्व्हिस चार्ज समजा ६ टक्के धरला तर सुटतात २१,६००. साडेतीन लाखात पहिला महिनासुद्धा पार पडत नाही.

मी यात हात पोळून घेतलाय. तळोज्यातल्या एका गोदामाला २२ लोडर दिले होते, तिसऱ्या महिन्यात बिल अडकलं, कारण काय तर पीओ नंबर, म्हणजे कंपनीच्या ऑर्डरचा नंबर, जुना टाकलेला. सात तारखेला संध्याकाळी पोरं ऑफिसखालच्या पानवाल्याजवळ येऊन उभी राहिली. आरडाओरडा काही नाही, नुसती उभी. एकजण वर आला आणि म्हणाला, साहेब, गावी पाठवायचे होते. दुसऱ्या दिवशी बायकोच्या पाटल्या ठेवून गोल्ड लोन काढलं. बिल ७१ व्या दिवशी पास झालं, आणि पाटल्या सुटायला त्याहून जास्त दिवस लागले, तो विषय घरात अजून निघतो.

तेव्हा परमनंटच करा. तुम्हाला माहीतच आहे, फी वर्षाच्या सीटीसीच्या (माणसावर कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च) ८.३३ टक्के म्हणजे एका महिन्याचा पगार, ६ लाखाच्या माणसाला साधारण ५० हजार. पण यातही पैसा लगेच येत नाही हं. ऑफर झाली, मग ६० नाहीतर ९० दिवस नोटीस, मग जॉइनिंग, मग बिल, मग पेमेंटचे ३०-४५ दिवस. पहिला चेक दिसायला पाच-सहा महिने धरून चाला, ते साडेतीन लाख त्या महिन्यांच्या घरखर्चासाठी आहेत, ऑफिसच्या डिपॉझिटसाठी नाहीत.

नऊ वर्षांत तुम्ही कुठल्या पोझिशन सर्वात जास्त क्लोज केल्या ते लिहून काढा आणि पहिलं वर्ष तेवढंच करा. आयटी पण, केमिकल पण, अकाउंट्स पण असं नको. आणि तुमचं खरं भांडवल म्हणजे तुम्हाला इथला प्रवास माहितेय. बंगळुरूत बसलेला रिक्रूटर बदलापूरच्या मुलाला महापेची ऑफर बिनधास्त देतो, त्याला काय ठाऊक की आधी ठाण्यापर्यंत गर्दीत लोंबकळायचं, मग ट्रान्स-हार्बर धरून घणसोली नाहीतर कोपरखैरणे, मग शेअर रिक्षा. तो मुलगा होकार देतो आणि जॉइनिंगच्या सोमवारी फोन स्विच ऑफ. पहिल्याच कॉलला विचारा, स्टेशन कुठलं, शिफ्ट कुठली चालेल, घरी कोणाला विचारावं लागणार आहे का. शेवटचा प्रश्न अजिबात सोडू नका.

अॅग्रीमेंट मेलवर का होईना, सीव्ही पाठवायच्या आधी घ्या. टक्के, पेमेंटचे दिवस, ९० दिवसांत माणूस सोडून गेला तर एकदा रिप्लेसमेंट (पैसे परत नाही, रिप्लेसमेंट!) आणि आपण पाठवलेला कँडिडेट सहा महिन्यांत कधीही घेतला तरी फी लागू. हे शेवटचं नव्हतं म्हणून माझा एक कँडिडेट पाच महिन्यांनी "आमच्या डेटाबेसमध्ये आधीपासून होता" झाला.

कागदपत्रं फार नाहीत. प्रोप्रायटरशिप, करंट अकाउंट, दहापेक्षा कमी माणसं असतील तर गुमास्त्याला (दुकान-ऑफिसची नोंदणी) फक्त ऑनलाइन सूचना, वर्षाला २,५०० प्रोफेशन टॅक्स. जीएसटी २० लाखांच्या पुढे लागतो, पण मोठ्या कंपन्या व्हेंडर करून घेताना नंबर मागतातच. उद्यम रजिस्ट्रेशन (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद) मात्र नक्की करा, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. तो नंबर बिलावर ठळक छापा. लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पेमेंट द्यावं लागतं, नाही दिलं तर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च कंपनीला त्या वर्षी धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात.

त्या दोन वर्षांच्या अटीबद्दल. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आहे, नोकरी सोडल्यावर माणसाला त्याचा धंदा करू न देणारी अट कोर्टात सहसा टिकत नाही. तरी कागद एकदा वकिलाला दाखवाच. पण जुन्या एजन्सीची एक्सेल शीट पेनड्राइव्हवर आली असेल तर ती वेगळी भानगड, ती उघडूसुद्धा नका. डोक्यात आहे तेवढं तुमचं.

प्रश्न : कळव्यात छोटं ऑफिस टाकलंय. मुलांकडून ५०० रुपये रजिस्ट्रेशन घेऊ का? दुबईच्या जॉबसाठीही लोक येतात, एकाने तर पासपोर्टच आणून ठेवलाय.
– एक वाचक, कळवा

उत्तर : ५०० घेऊ नका. ज्याला नोकरी लागली नाही तो चार जणांना फसवले म्हणून सांगेल, आणि कळवा काही एवढं मोठं नाही. फी कंपनीकडून. दुबईचं काम तर १९८३ च्या एमिग्रेशन अॅक्टखाली लायसन्स असल्याशिवाय करताच येत नाही, त्याला मोठ्या एजंटला ५० लाखांची बँक गॅरंटी लागते. तो पासपोर्ट आजच त्याच्या हातात परत द्या, आणि परत दिला असं लिहून घ्या.