फलाफल सपक होतं? आधी कुकर बाजूला ठेवा

तुम्ही लिहिलंय की छोल्यांना कुकरच्या दोन शिट्ट्या दिल्या, मिश्रण सैल झालं म्हणून बेसन घातलं, जिरेपूड दुप्पट केली, तरी फलाफल (छोल्यांचे तळलेले अरबी वडे) सपकच लागलं आणि तोंडात साबणासारखी चव रेंगाळली. जिऱ्याचा यात काही दोष नाही. घोळ कुकरपाशी झालाय.

फलाफलचे छोले शिजवायचेच नसतात. लेबनॉन, सीरियाकडे छोले आणि इजिप्तमध्ये सोललेला सुका बाकला (फावा बीन्स) नुसता भिजवून कच्चाच भरडतात. इजिप्तवाले त्याला तामिया म्हणतात. आपला डाळवडा तरी वेगळा कुठे असतो? शिजलेले छोले पाणी धरून बसतात, मग ते आवरायला बेसन येतं, आणि बेसनाने आधीच फिकी असलेली चव आणखी झाकली जाते.

पाव किलो सुके छोले भरपूर पाण्यात 12 ते 18 तास भिजवा. साधारण दुप्पट होतात. उन्हाळ्यात मात्र पाणी एकदोनदा बदला नाहीतर फ्रिजमध्येच भिजवा. पाण्यावर फेस आणि आंबूस वास आला, की तो वास तळल्यावरही जात नाही. मी दुबईत पहिल्या वर्षी पाहुण्यांसमोर हा प्रयोग करून बसलेय. छोले निथळून फडक्यावर पसरा, कोरडे झाले की रवाळ भरडा.

आता मीठ. सपकपणाचं दुसरं कारण बहुतेक वेळा हेच असतं. एवढ्या छोल्यांना एक कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या आणि दोन मुठी कोथिंबीर-पार्सली धरून सपाट दीड लहान चमचा मीठ लागतं. पार्सली मिळाली नाही तर नुसती कोथिंबीर चालते. धने-जिरे आख्खे भाजून ताजे कुटा. गरम मसाला नको, त्याने छोले-टिक्की होते. सगळं मिसळलं की एकच गोळा तळून चाखा आणि मग काय कमी-जास्त ते ठरवा. कच्चं मिश्रण चाखून मिठाचा अंदाज येत नाही.

साबणासारखी चव खायच्या सोड्याची. पाव किलोला अर्धा लहान चमचा पुरे, तोही तळायच्या जरा आधी. मिश्रण रात्रभर ठेवायचं असेल तर कांदा आणि सोडा दुसऱ्या दिवशी घाला. वाटलेला कांदा ठेवला की उग्र होतो, पाणीही सोडतो.

तेल 175 अंशांच्या आसपास हवं, गोळा लिंबापेक्षा लहान. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरून तांबूस दिसतं, पण आत कच्च्या छोल्यांचा हिरवट वास राहतो.

ताहिनी, म्हणजे सोबतची तिळाची पेस्ट, कडू झाली म्हणालात, ते तिळांमुळे. संक्रांतीचे बिनपॉलिशचे तीळ सालासकट वाटले, की कडवटपणा येतोच, जास्त भाजले तर आणखी. पॉलिशचे पांढरे तीळ जेमतेम गरम करून वाटा. लिंबू पिळल्यावर ताहिनी एकदम घट्ट होईल, घाबरू नका, चमचा-चमचा थंड पाणी घालत फेटा, पांढरीशुभ्र आणि सैल होते.

कुकरमधले छोले उरले असतील तर त्याच ताहिनीत वाटून हमस करा, ते मात्र शिजलेल्याच छोल्यांचं होतं.