काकांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या द्यायच्या आहेत? आधी हे बघा

बेळगावातल्या शहापूरच्या घरातली ती तबकड्यांची पेटी भंगारात घालू नका, ही कळकळीची विनंती. आधी ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, वेगळ्या काढा. त्या बहुतेक लाखेच्या. हातातून सुटली की तुकडेच. स्पिरिटनं अजिबात पुसू नका, लाख विरघळते. एलपी, म्हणजे सावकाश फिरणाऱ्या मोठ्या विनाइलच्या तबकड्या, उभ्या ठेवा, एकावर एक रचल्या की वाकतात. लेबलवरचं नाव आणि नंबर वहीत उतरवा, म्हणजे घेणारा नीट बघेल. नाट्यसंगीत, ख्याल असेल तर आधी गाणं शिकवणाऱ्यांना विचारा. कुमार गंधर्व १९२४ साली इथल्याच सुळेभावीत जन्मले; जुनं गाणं जिवापाड जपणारी माणसं आपल्याकडे आहेत. कन्नड तबकड्या धारवाडच्या रसिकांना दाखवा. आणि घेणाऱ्याकडे चालू प्लेअर आहे का, हे विचारल्याशिवाय एकही देऊ नका.