बर्लिनमधली स्वस्त भाजी

प्रश्न : ताई, मी मास्टर्ससाठी बर्लिनला आलेय. इंडियन स्टोअरमधली भेंडी-मेथी अजिबात परवडत नाही. स्वस्त ताजी भाजी कुठे मिळेल?

उत्तर : अगं, विमानातून आलेली मेथी महागच असणार, तिचा नाद महिन्यातून एकदाच कर. नॉयकोल्नमध्ये मायबाखउफरला कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी टर्किश बाजार भरतो, शोनलाइनश्ट्रासे स्टेशनला उतरलीस की जवळच. शक्यतो संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला जा, विक्रेते उरलेला माल ओरडून ओरडून स्वस्तात काढतात, अगदी आपल्या मंडईसारखं, फक्त सुट्टी कॅश जवळ ठेव आणि पेटी घेण्याआधी खालची फळं बघून घे हं!

बाकी सीझनप्रमाणे खायची सवय लाव. इथे नवलकोल भरपूर मिळतो आणि लोक त्याची पानं तोडून टाकतात, खरं तर डाळ घालून काय मस्त भाजी होते त्याची! मांगोल्ड नावाची पालेभाजी पालकासारखीच शिजते, ताकातली पातळ भाजी करून बघ. थंडीत कोबी, गाजर, लाल भोपळा. एप्रिल ते जूनच्या शेवटापर्यंत बर्लिनजवळच्या बेलित्झचा श्पार्गेल, म्हणजे अ‍ॅस्परॅगस येतो, त्याचं कौतुक खूप पण स्वस्त नाही, मला तर पांढऱ्यापेक्षा हिरवाच आवडतो. आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच भरून ठेव.